आपलं डाळिंबाचं भांडण

मनू, ते डाळिंबाचे दाणे आपल्या सईनं स्वतःहून खाल्ले की तिला फसवून खायला लावले, हे आपलं शेवटपर्यंत ठरलंच नाही. दिवाळीत ओट्यावर पाय सोडून बसली होतीस आणि म्हणालीस, "वहिनी, मे महिन्यात आले की शेवटचं प्रकरण लिहून टाकू. तोवर तू हट्ट सोड." मी म्हटलं, "मी कशाला सोडू? तू सोड." एसटीची वेळ झाली होती. तू पिशव्या उचलल्यास, गाडीत बसलीस, आणि खिडकीतून पुन्हा एकदा ओरडलीस, "स्वतःहून खाल्ले!" गाडीतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मी खालून हात नाचवत राहिले. ते आपलं शेवटचं बोलणं. नंतर फोनवर बोललो, पण ताप किती, प्लेटलेट किती, असलंच सगळं. त्याला मी बोलणं धरत नाही.

आपल्या कादंबरीचं तेवढं एकच प्रकरण राहिलंय बघ. माझ्या शिकवणीच्या क्लासमधल्या मुली रोज विचारतात, "मॅडम, सई घरी येते का?" लिहितेय गं, म्हणते मी. लिहीत काही नाही. लॅपटॉप उघडते आणि तुझ्याशी भांडत बसते. भांडायला तू नाहीस, आणि तू नाहीस म्हणूनच शेवट मला एकटीला करायचाय. सईला पाताळातून कायमची घरी आणायची, का तू म्हणत होतीस तसं अर्धं वर्ष इकडं आणि अर्धं तिकडं ठेवायची, एवढाच प्रश्न आहे. एवढाच, आणि मला सुटत नाही.

मी दौंडची पोरगी, लग्न होऊन न्हावऱ्यात आले तेव्हा तू शिरूरला कॉलेजात होतीस. मी तुला 'वन्सं' म्हणायची, 'अहो जाहो' करायची. पहिल्याच आठवड्यात बघितलं तर नणंदबाई गोठ्यात पालथ्या बादलीवर बसून इंग्रजी पुस्तक वाचतायत, आणि म्हैस तिकडं दावं तोडायला निघालीय. रद्दीच्या दुकानातनं आणलेलं, पुठ्ठा फाटलेलं पुस्तक. मी विचारलं, कशाचं आहे? तू म्हणालीस, "ग्रीक देवांची पोरं आताच्या काळात शाळेत जातात. आई नाहीतर बाप देव. मागं राक्षस लागलेत." मला वाटलं, झालं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि लग्न ठरवताना आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मग तूच मला त्या नादाला लावलंस. धारा काढता काढता तू ते देव असे सांगायचीस, जशी काय आपली भावकीच. झ्यूस म्हणजे गावोगावी पोरं करून ठेवणारा पुढारी. हेरा म्हणजे त्याची बायको, तिनं भांडी आपटायची. आणि तो लंगडा हेफेस्टस, सगळ्यांची हत्यारं तोच घडवणार, आणि जेवायला बोलवायची वेळ आली की नेमका त्यालाच विसरणार. "इतके देव ध्यानात कसे राहतात गं?" मी विचारलं. तू म्हणालीस, "आपल्याकडं काय कमी आहेत का?" त्या दिवशी तुझं 'वन्सं' सुटलं आणि तू मनू झालीस. पण मला एक कळायचं नाही. त्यातल्या एकेकाला दोन दोन नावं. निरोप्या हर्मीसलाच पुन्हा मर्क्युरी म्हणायचं, पिकांची देवी डिमीटर, तिला सेरेस. मी वैतागायची, एकच ठेवा ना बाबा काहीतरी.

ते तू मला तुझ्या लग्नानंतर समजावलंस. नशीब बघ, मी दौंडहून इकडं आले आणि तू इथली दौंडला गेलीस. तुझ्या नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं, अनुराधा. पहिल्या दिवाळसणाला आलीस, चप्पल काढायच्या आधीच म्हणालीस, "वहिनी, कळलं मला. ग्रीस म्हणजे माहेर आणि रोम म्हणजे सासर. सासरी गेल्यावर देवांची नावं बदलली!" तू हसत होतीस. मीही हसले. आधार कार्डावर अनुराधा, शाळेत अनुराधा मॅडम, आणि आपल्या अंगणात पाऊल टाकलं की मनू. तुझ्या आईनं दुसरं नाव कधी तोंडातून काढलं नाही. जावयाला फोन करून सुद्धा "मनूला द्या" म्हणायच्या.

आपली कादंबरी तिथनंच निघाली. तुला राग होता, की हे देव आपले सारखे परदेशातल्या मोठ्या शहरांत का जाऊन पडतात. शिरूर तालुक्यानं काय पाप केलंय? मग मे महिन्याच्या सुट्टीत तू यायचीस आणि डाळिंबाच्या बागेतल्या शेडमध्ये आपण बसायचो. हर्मीस कारेगावात खोली घेऊन राहणारा कुरियरवाला झाला, मोटारसायकलवर, हेल्मेटला पंखांचं स्टिकर. हेफेस्टस रांजणगावच्या एका कारखान्यात फोर्जिंगला लागला, तिसऱ्या शिफ्टला. आणि न्हावऱ्याची सई, डिमीटरची लेक, जिला भीमेच्या पलीकडचा राजा पळवून नेतो आणि तिकडं तिचं नाव शर्वरी ठेवतो.

भीमेच्या पलीकडचा! म्हणजे पारगावचा पूल ओलांडला की पाताळ सुरू. म्हणजे दौंड! मी जी पेटले. "माझ्या माहेराला पाताळ केलंस तू?" तू शांतपणे म्हणालीस, "माझं सासर आहे ते, मला हक्क आहे." आणि मग तू जे लिहिलंस ना, स्टेशनात येऊन पुन्हा उलट्या तोंडानं निघणाऱ्या गाड्या, रात्रंदिवस उभ्या मालगाड्या, त्यात बसलेले चेहरे, कुणाला कुठं उतरायचं आठवत नाहीये. मी तिथं लहानाची मोठी झाले, पण मला असं कधी दिसलं नव्हतं. वाचून मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हटलं, बरं जमलंय. त्याहून जास्त कौतुक मी तुझं कधी केलंच नाही बहुतेक. आमच्या घरात ती पद्धतच नव्हती.

आणि ती हिवाळ्याची गंमत! पहिल्या खर्ड्यात आपण लिहून ठेवलं होतं, लेक पळवली म्हणून आईनं शाप दिला आणि हिवाळ्यात सगळी धरती ओसाड पडली. मी क्लासमध्ये वाचून दाखवलं तर कोमल म्हणून मुलगी आहे, ती हात वर करून म्हणाली, "मॅडम, हिवाळ्यात ओसाड कसं? कांदा असतो, गहू असतो, हरभरा असतो, ऊस तुटत असतो. हिवाळ्यात तर मम्मीला बसायला वेळ नसतो." सगळा वर्ग हसला. दोघी शेतकऱ्याच्या घरातल्या, एम.ए. झालेल्या, आणि पुस्तकातला हिवाळा उचलून न्हावऱ्यात आणून ठेवला. मी तुला फोन लावला तेव्हा तू हसता हसता खोकायला लागलीस. मग एकदम म्हणालीस, "वहिनी, आपण डाळिंबवाले आहोत. ताण देऊ की."

तो दिवस मी विसरणार नाही. बागेचं पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं, पानं झडू द्यायची, आणि मग पहिलं पाणी सोडलं की सगळी बाग फुलांनी पेटून उठते. कधी सुकवायचं नि कधी फुलवायचं, हे आपण ठरवतो. तसंच डिमीटरनं करायचं. तिनं शाप द्यायचा नाही, पृथ्वीचं पाणी तोडायचं. माझी लेक द्या, मग सोडते. मुलींना ते असं काही पटलं, की पुढचा आठवडाभर त्या भाजी आवडली नाही तरी घरी म्हणत होत्या, ताण दिलाय.

भांडण झालं ते त्याच्या पुढं. देव नमतात, सईला परत पाठवायचं ठरतं, पण तिनं तिथं डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात. तिथलं खाल्लं की तिथलं व्हावं लागतं. म्हणून मग तडजोड, अर्धं वर्ष आईकडं, अर्धं वर्ष पाताळात. मला ते पटतच नव्हतं. पोरगी पळवून नेलेली, तिला गोड बोलून चार दाणे भरवले, आणि त्यावर तिचं आयुष्य बांधून टाकायचं? मी म्हणायची, आपल्या मुलींना हे वाचायला देऊ नको. सईनं दार मोडून यावं, कायमचं यावं. तू म्हणायचीस, "तिनं स्वतःहून खाल्ले. भूक लागली होती, समोरच्यानं प्रेमानं दिले, तिनं खाल्ले. तिला आता तिकडचंही घर आहे." मी म्हणायची, "पळवून आणलंय तिला!" त्यावर तू काय म्हणालीस, आठवतं? "वहिनी, तुलाही दौंडवरनं उचलूनच आणलीय की. गेलीस का परत?" मी हातातली कात्री खाली ठेवली आणि तुला झोडपायला धावले.

पण अर्धं म्हणजे हारच, हे माझं कायम होतं. आणि तू मान तिरकी करून म्हणायचीस, "अर्धं मिळालं तर ते हार कसं?" तुझा तो स्वर मला ओळखू यायचा. तू सईबद्दल बोलत नव्हतीस. सुखी आहेस का गं तिकडं, हे मला तेव्हा सरळ विचारता आलं असतं. नाही विचारलं. आपण दोघी एकमेकींना सगळं त्या देवांच्या नावानं विचारायचो, आणि उत्तरंही त्यांच्याच नावानं द्यायचो. बरं होतं ते. आता वाटतं, एकदा तरी त्यांना बाजूला बसवायला हवं होतं.

तू गेलीस आणि मला आणखी एक गोष्ट कळली, जी मला माहीत होती पण कधी अंगाला लागली नव्हती. लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची. तिचं सुतक माहेरी तीनच दिवस. चौथ्या दिवशी दुधाची गाडी आली, पाहुणे उठून गेले, शेजारच्या काकूंनी साखर आणून तोंड गोड करायला लावलं. तुझ्या आईनं ती साखर तोंडात धरली आणि तशाच भिंतीला टेकून बसून राहिल्या. तेराव्याला आम्ही दौंडला गेलो ते पाहुणे म्हणून. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या आत्याबाईंना, प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा दिला. भटजी सारखं अनुराधा, अनुराधा म्हणत होते. आत्याबाई माझ्याकडं वाकून हळूच म्हणाल्या, "रेखा, आपल्या मनूचं कवा घेत्याल गं?" मी त्यांचा हात घट्ट धरला.

निघताना तुझे 'हे' मला बाजूला घेऊन बोलले. सात जन्मात चार वाक्यं न बोललेला माणूस. म्हणाले, "ताई, न्हावऱ्याहून आली की दोनतीन दिवस ती कुणाशी बोलायची नाही. मग येताना आणलेलं डाळिंब सोलायला घ्यायची, वाटी आमच्या दोघांच्या मधी ठेवायची. तेव्हा मला कळायचं, आता आली." आणि मग ते रडले, भर मांडवात. मनू, म्हणजे तू खरंच स्वतःहून खात होतीस. आणि मी एवढी वर्षं तुझी कीव करत होते, बघ. एसटीत बसलं की मला वाटायचं, चालली बिचारी.

तरी मी हट्ट सोडला नव्हता. उलट जास्तच पेटले. म्हटलं, आता तर मी सईला कायमची आणणार. अर्धंबिर्धं काही नाही. माझ्या हातात तेवढंच आहे, तर मी का सोडू?

इकडं घरात दुसरंच चाललं होतं. तू गेलीस तेव्हा डाळिंबाच्या आंबे बहारासाठी बागेचं पाणी नुकतंच तोडलं होतं. पानं झडली, छाटणी झाली. पहिल्या पाण्याचा मान तुझ्या आईचा, तुला माहीतच आहे. पहिल्या झाडाला हळदकुंकू, नारळ, आणि पाण्याचा कॉक त्यांनीच फिरवायचा. यंदा वेळ आली तरी त्या हलल्या नाहीत. तुझ्या दादानं विचारलं तर म्हणाल्या, बघू. दोन दिवसांनी विचारलं, बघू. सगळ्या शिवारात कांदा, गहू हिरवागार, आणि मधी आपली बाग काटक्यांसारखी उभी. फांदी नखानं खरवडली तर आत हिरवं दिसायचं, ते कमी कमी व्हायला लागलं. तुझा दादा रोज बागेतून येऊन नुसता पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा. आईला तिसऱ्यांदा विचारायची त्याची हिंमत नव्हती आणि त्यांना डावलून कॉक फिरवायची तर अजिबातच नाही.

परवा दुपारी आत्याबाई ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. त्या म्हणाल्या, "काय लिवती गं सारखी?"

"मनूची गोष्ट आहे."

"तिची व्हय? सांग की मग."

एवढ्या वर्षांत त्यांनी कधी ऐकली नव्हती. भुतावळीच्या गोष्टी म्हणून हाकलायच्या आपल्याला. मी सांगायला लागले. पोरगी फुलं तोडत होती, जमीन फाटली, पलीकडच्या राजानं नेली.

"आन् बाप काय करत हुता?"

"बापानंच परवानगी दिली होती. आईला न विचारता."

"देव झाला तरी बाप्याच त्यो," आत्याबाई म्हणाल्या. मनू, तू असायला हवी होतीस.

मी पुढं सांगितलं. आई रानोमाळ हिंडली, कुणी लेक परत देईना, मग तिनं पाणी तोडलं. सगळ्या पृथ्वीला ताण दिला. माणसं, गुरं उपाशी मरायला लागली तरी सोडलं नाही.

"येडी का खुळी ती!" आत्याबाई एकदम कडाडल्या. "बाकीच्यांच्या लेकी न्हवत्या व्हय, उपाशी माराय?"

आणि हातातला घाटा खाली ठेवला. बागेकडं बघितलं. मी मान खाली घालून बसले, मला वर बघायची भीती वाटत होती. मग त्यांनी हाक मारून तुझ्या दादाला सांगितलं, शिरूरला चाललाच हायस तर नारळ आन. तो तसाच पायात चप्पल अडकवून पळाला.

"मंग? पुढं काय?" त्यांनी पुन्हा घाटे ओढले.

मी दाण्यांचं सांगितलं. तुझं म्हणणं सांगितलं, माझंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "भूक लागली आसंल पोरीला. खाल्लं तर खाल्लं, त्यात येवढं काय." म्हटलं, मग तसं ठरलं, सहा महिने आईकडं आणि सहा महिने तिकडं.

त्यांचा हात थांबला. "सहा म्हैनं?"

"हो."

"यकदाच?"

"नाही. दरसाल."

"दरसाल लेक येती?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी काहीतरी थापच मारतेय. "सहा सहा म्हैनं? मेल्याली लेक?"

"हो, आत्याबाई."

"आन् तू म्हनती, ती आई हारली?"

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी पदर तोंडावर घेतला. तू गेल्यापासून पहिल्यांदा त्या मोठ्यानं रडल्या, आणि मीही, घाट्यांचं सूप मधी ठेवून आम्ही दोघी रडलो. शेजारच्या काकू दारापर्यंत येऊन परत गेल्या.

काल शेवटचं प्रकरण लिहिलं. सईनं दाणे स्वतःहून खाल्ले. ती सहा महिन्यांसाठी येते, दरसाल येते, आणि आई त्यात भागवते. तू म्हणत होतीस तस्संच आहे, शब्दही तुझेच घेतलेत. तू जिंकलीस, मनू. माझ्यासमोर उभी राहून मला चिडवायची तेवढी राहिलीस. ये ना. सहा महिने नको मला, एसटी यायला लागतो तेवढा वेळ ये.